‘नवीनच घेऊन टाक’ हे उत्तर नाही

कॉम्प्युटरमध्ये दुसरं नेटवर्क कार्ड बसवलं आणि ते दिसेना, की घरी, ऑफिसात आणि प्रयोगशाळेत दोन वाक्यं ठरलेली असतात. पहिलं, ‘कॉम्प्युटर कार्ड ओळखतच नाही.’ दुसरं, ‘जाऊ दे, नवीनच घेऊन टाक.’ माझं भांडण या दोन्ही वाक्यांशी आहे. पहिल्या वाक्यात किमान पाच वेगवेगळे बिघाड एकाच गोणीत कोंबलेले असतात आणि दुसऱ्या वाक्यात ती गोणी न उघडताच उकिरड्यावर टाकायची घाई असते.

वीस युरोच्या कार्डासाठी एवढा लेख कशाला, असं कुणी विचारेल. प्रश्न वीस युरोचा असता तर मीही लिहिला नसता. दुसऱ्या कार्डावर बऱ्याचदा वीस युरोपेक्षा खूप मोठी गोष्ट लटकत असते.

दुसरं कार्ड लागतंच कशाला? मी जर्मनीतल्या एका विद्यापीठात पोस्टडॉक आहे. आमच्यासारख्या प्रयोगशाळांमधली बरीच उपकरणं आपल्या कॉम्प्युटरशी साध्या इथरनेट केबलने बोलतात. त्या केबलवर दुसऱ्या कुणाची वर्दळ नको असते, म्हणून विद्यापीठाच्या नेटवर्कसाठी एक कार्ड आणि उपकरणासाठी स्वतंत्र दुसरं, अशी दोन कार्डं एकाच कॉम्प्युटरमध्ये असतात. पहिलं बंद पडलं तर ईमेल थांबते. दुसरं बंद पडलं तर लाखो युरोचं यंत्र नुसतंच गुणगुणत बसतं आणि कुणाची तरी पीएचडी त्याच्यासोबत थांबते.

आमच्याकडे असं झालं. खोलीची डागडुजी होती म्हणून कॉम्प्युटर हलवला गेला, हलवणाऱ्याने सैल झालेलं कार्ड काढून शेजारच्या स्लॉटमध्ये बसवलं आणि त्यानंतर उपकरणाचं सॉफ्टवेअर ‘उपकरण सापडत नाही’ एवढंच म्हणू लागलं. उपकरण विकणाऱ्या कंपनीकडून उत्तर आलं: तुमचा कॉम्प्युटर जुना झाला आहे, नवा घ्या. नव्यावर जुनं सॉफ्टवेअर चालणार नाही, तेव्हा तेही नवं घ्या. ते बसवायला आमचा माणूस येईल, त्याचे वेगळे. बेरीज पाच आकडी होती. खरा बिघाड असा होता: कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये गेल्यावर विंडोजने त्याला नवंच कार्ड मानलं. जुन्या जागेवरच्या कार्डाला दिलेला ठरावीक आयपी पत्ता त्या ‘गैरहजर’ कार्डाच्याच नावावर राहिला. नव्याने नोंदलेलं कार्ड १६९.२५४ ने सुरू होणारा आपोआप मिळालेला पत्ता घेऊन बसलं होतं, म्हणजे त्याला कुणी पत्ताच दिला नव्हता. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवायला सांगितलं, ते भूत काढून टाकलं, पत्ता पुन्हा भरला. वीस मिनिटं लागली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. फरक इतकाच, की इथे बंबाचं बिलही आपल्यालाच भरायचं होतं.

आता ती गोणी उघडूया. ‘ओळखत नाही’ या दोन शब्दांमागे एक शिडी आहे. कुठल्या पायरीवर पाय घसरला हे कळलं की निम्मं काम संपतं.

पहिली पायरी वीज आणि धातूची. कार्ड स्लॉटमध्ये पूर्ण बसलं आहे का? पुष्कळदा पत्र्याची पट्टी कॅबिनेटला स्क्रूने आवळताना कार्डाचं दुसरं टोक स्लॉटमधून किंचित उचललं जातं. डोळ्यांना ते बसल्यासारखं दिसतं, पण सोनेरी पट्ट्या टेकत नाहीत. कॉम्प्युटर बंद करून, वायर काढून, कार्ड एकदा काढून पुन्हा दाबून बसवायचं, शक्य असेल तर वेगळ्या स्लॉटमध्ये. मदरबोर्डचं माहितीपुस्तकही उघडायचं. अनेक बोर्डांवर एखादा स्लॉट आणि एम-डॉट-टू डिस्कची जागा एकाच वाटेवर असतात. डिस्क लावली की स्लॉट मुकाट्याने बंद होतो. हे माहितीपुस्तकात बारीक अक्षरात छापलेलं असतं आणि पुस्तक खोक्यात असतं. खोकं कधीच कचऱ्यात गेलेलं असतं.

दुसरी पायरी हजेरीची आणि मला ती सगळ्यात सुंदर वाटते. कॉम्प्युटर सुरू होताना पीसीआय मार्गावरच्या एकेका जागेला विचारतो, ‘तू कोण?’ तिथे कार्ड असेल तर ते दोन क्रमांक सांगतं, एक बनवणाऱ्याचा आणि एक स्वतःचा. इंटेलने आपल्यासाठी ८०८६ हा क्रमांक घेतला, आपल्या जुन्या प्रोसेसरच्या नावाचा. जागेवर कुणीच नसेल तर उत्तरात सगळे बिट ‘एक’ येतात, म्हणजे एफएफएफएफ. वर्गात हाक मारल्यावर आलेली शांतता म्हणजेच गैरहजेरी. लिनक्सवर ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा दिली की ही हजेरीवही समोर येते. विंडोजवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये तेच क्रमांक उपकरणाच्या तपशिलात सापडतात.

सगळं निदान इथे दोन फांद्यांत विभागतं. हजेरीवहीत कार्ड नसेल तर जगातला कुठलाही ड्रायव्हर ते आणू शकत नाही. मग पहिल्या पायरीवर परत जायचं, बायोसमध्ये तो स्लॉट बंद केलेला नाही ना ते पाहायचं, कार्ड दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये लावून बघायचं. आणि वहीत कार्ड असेल तर स्क्रूड्रायव्हर खाली ठेवायचा, कारण कॉम्प्युटरने कार्ड ओळखलेलं आहे. ‘ओळखत नाही’ हे वाक्य त्या क्षणी खोटं ठरतं. तरीही मी शिकलेसवरलेले लोक पाहिले आहेत, जे हजेरी न बघता तीन-तीन संध्याकाळी ड्रायव्हर उतरवत बसतात किंवा ड्रायव्हर नसलेल्या धडधाकट कार्डाला मृत घोषित करून परत पाठवतात.

तिसरी पायरी ड्रायव्हरची. कार्ड हजर आहे, पण त्याची भाषा येणारं कुणी आहे का? डिव्हाइस मॅनेजरमधलं पिवळं उद्गारचिन्ह इथलं असतं. त्याच्यावर दोनदा क्लिक केलं की कोड दिसतो. २८ म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नाही, १० म्हणजे उपकरण सुरूच होऊ शकलं नाही. या दोन अगदी वेगळ्या तक्रारी आहेत आणि मशीन त्या वेगळ्या करून सांगतं. आपण पिवळा रंग बघून खिडकी बंद करतो. ड्रायव्हर शोधताना खोक्यावरच्या नावाला भुलायचं नाही. कार्डावर नाव कुणाचंही असो, आतली चिप बहुधा रिअलटेकची, इंटेलची किंवा अशाच मोजक्या कंपन्यांची असते. ड्रायव्हर चिपचा लागतो, खोक्याचा नाही.

चौथी पायरी नावाची. लिनक्समध्ये पूर्वी कार्डांना ‘ईथ-शून्य’, ‘ईथ-एक’ अशी नावं मिळायची आणि दोन कार्डं असली की कुठलं शून्य नि कुठलं एक याचा भरवसा नसायचा. २०१३ पासून सिस्टमडीने कार्डाच्या जागेवरून नाव द्यायला सुरुवात केली. कल्पना चांगली, पण तिच्यात एक खोच आहे. दुसरं कार्ड आत आलं की मार्गांचे क्रमांक सरकू शकतात आणि पहिल्या, चालू असलेल्या कार्डाचं नाव बदलतं. जुनी मांडणी जुन्या नावाला चिकटलेली राहते आणि चालणारं नेटवर्क बंद पडतं. सगळे नव्या कार्डाकडे बोट दाखवतात. घरात नवी सून आली आणि दूध नासलं, तसला हा न्याय.

पाचवी पायरी पत्त्याची आणि वाटेची. दोन्ही कार्डं हजर, दोघांना ड्रायव्हर, दोघांना नावं, तरी काही चालत नाही. बऱ्याचदा दोन्ही कार्डांना ‘गेटवे’ दिलेला असतो, म्हणजे बाहेर जायला दोन दारं आणि कुठल्या दाराने जायचं यावर घरात एकमत नाही. उपकरणाच्या कार्डाला गेटवे लागतच नाही, तो खाना रिकामा ठेवायचा. दोन्ही कार्डांना एकाच गल्लीतले पत्ते द्यायचे नाहीत.

पाच पायऱ्या झाल्या. यातलं काहीही रॉकेटशास्त्र नाही. दहावीच्या मुलाला एका दुपारी शिकवता येईल. मग ते आपल्याला का येत नाही?

पहिला दोष विकणाऱ्यांचा आहे आणि तो जाणूनबुजून केलेला आहे. पूर्वी हे काम जास्त कटकटीचं होतं, पण जास्त उघडंही होतं. आयएसए कार्डांच्या काळात कार्डावरच्या बारक्या जंपरांनी पत्ता आणि इंटरप्ट ठरवावा लागे. लिनक्सचा कर्नल तेव्हा आपणहून एकच इथरनेट कार्ड शोधून थांबायचा, कारण अंदाजाने पत्ते चाचपडताना मशीन अडकून पडायची भीती असे. दुसरं कार्ड आहे हे सुरुवातीलाच एका ओळीत सांगावं लागे. ती ओळ कशी लिहायची आणि ती का लागते, दोन्ही पॉल गॉर्टमेकर यांच्या इथरनेट मार्गदर्शिकेत कुणालाही वाचता येत असे. १९९४ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी सोळा साध्या प्रोसेसरांचा ‘बेवुल्फ’ उभा केला. एक इथरनेट अपुरं पडत होतं, म्हणून वाहतूक एकाहून जास्त इथरनेटवर वाटून दिली आणि त्यासाठी ड्रायव्हर बेकर यांनी स्वतः लिहिले. बाजारातल्या स्वस्त सुट्या भागांतून मोठा संगणक बांधण्याची जी वाट पुढे जगभर रूढ झाली, तिच्या मुळाशी असलेल्या कामांत ‘दुसरं कार्ड ओळखायला लावणं’ हेही एक होतं.

आज मशीन आपोआप बरंच करतं, ही चांगलीच गोष्ट आहे. वाईट हे, की जे आपोआप होत नाही ते आपल्यापासून लपवलं जातं. याचं नागडं उदाहरण म्हणजे थिंकपॅड लॅपटॉपांवरची १८०२ क्रमांकाची चूक. वायरलेस कार्ड उत्तम चालणारं असलं, तरी ते कंपनीच्या यादीत नसेल तर बायोस ‘अनधिकृत नेटवर्क कार्ड’ म्हणून लॅपटॉप सुरूच होऊ देत नसे. म्हणजे मशीन कार्ड बरोबर ओळखत होतं, ओळखूनच त्याला दाराबाहेर ठेवत होतं. ‘ओळखत नाही’ आणि ‘ओळख द्यायची नाही’ यांतला हा फरक ग्राहकाला कळू नये, यातच विकणाऱ्याचा फायदा आहे.

दुसरा दोष आपला आहे आणि त्याबद्दल मला जास्त राग आहे. आपण म्हणजे परदेशात स्थिरावलेला मराठी सुशिक्षित वर्ग. आपल्यातले कितीतरी जण कॉम्प्युटरवरच पोट भरतात. दसऱ्याला लॅपटॉपला हळदकुंकू लावतात, झेंडूचं फूल वाहतात, फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकतात. खंडेनवमीला हत्यारांची पूजा ज्यांनी सुरू केली ते लोक ती हत्यारं रोज हातात धरत होते, त्यांना धार लावत होते. आपण पूजा ठेवली आणि धार लावायचं काम दुसऱ्यावर सोपवलं.

याचं मूळ दूर नाही. लेखणीवाल्यांनी वर बसायचं आणि हत्यारवाल्यांनी खाली, ही उतरंड आपण पिढ्यान्‌पिढ्या पाळली. जातीने ठरवलेली ती उतरंड पदवीने मोडायला हवी होती. पदवीने तिला नवे कपडे शिवले. आयटीआयला जाणारा मुलगा ‘मार्क कमी पडले म्हणून’ जातो, असं आपण सहज म्हणून जातो. इंजिनिअर मुलाने घरातला पंखा उघडला तर ‘वायरमनला बोलव की, तू कशाला?’ हे वाक्य ठरलेलं. आणि तोच मुलगा परदेशात येऊन म्हणतो, ‘मी सॉफ्टवेअरचा, हार्डवेअर माझं काम नाही.’ मुलगी असेल तर पंखा उघडायचा प्रश्नही कुणी काढत नाही. प्रयोगशाळेत माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर पाहून एका देशबांधवाने ‘इथे टेक्निशियन नाहीत का?’ असं काळजीने विचारलं होतं. त्याच्या काळजीत अपमान नव्हता, हेच जास्त वाईट.

जर्मनी म्हणजे स्वर्ग नाही. इथेही वस्तू फेकतात आणि भरपूर फेकतात. पण प्रशिक्षण घेऊन ‘माइस्टर’ झालेला कारागीर इथल्या पात्रता आराखड्यात पदवीधराच्याच, म्हणजे सहाव्या पातळीवर बसवलेला आहे. विद्यापीठाच्या कर्मशाळेतल्या माइस्टरसमोर प्राध्यापक आपलं रेखाचित्र घेऊन उभे राहतात आणि ‘असं होणार नाही’ हे ऐकून घेतात. आपल्याकडे ‘असं होणार नाही’ म्हणणाऱ्या कारागिराला उद्धट म्हणतात.

आता आक्षेप. सगळ्यात वजनदार आक्षेप वेळेचा: माझ्या एका तासाची किंमत कार्डापेक्षा जास्त आहे, मग मी का खटपट करू? हिशेब ठीक वाटतो, पण तो अर्धाच आहे. बिघाड चौथ्या पायरीवर असेल तर नवं कार्डही तिथेच घसरणार. निदान न करता केलेली खरेदी म्हणजे लॉटरीचं तिकीट. पाच पायऱ्यांची तपासणी अर्ध्या तासाची आहे आणि ती केल्यावर नवीन घ्यायचं ठरलं तर निदान काय घ्यायचं हे तरी माहीत असतं.

दुसरा आक्षेप: हल्ली चॅटबॉटला विचारलं की तो सांगतो. सांगतो खरा. पंधरा उपायांची यादी देतो आणि पंधराही उपाय कुठल्या ना कुठल्या बिघाडावर बरोबर असतात. तुमचा बिघाड कुठल्या पायरीवर आहे हे त्याला तुम्हीच सांगायचं असतं. ‘हजेरीवहीत कार्ड आहे, ड्रायव्हर लागला आहे, पत्ता १६९.२५४ चा आहे’ एवढं सांगता आलं तर उपयोगी उत्तर येतं. ‘ओळखत नाही’ सांगितलं तर पंधराची यादी.

तिसरा आक्षेप मला मान्य आहे: प्रत्येक गोष्ट दुरुस्त करू नये. पॉवर सप्लाय घरी उघडू नये, त्यातली साठलेली वीज जिवावर बेतू शकते. फुगलेल्या कपॅसिटरांचा मदरबोर्ड निवृत्त करावा. सुरक्षा सुधारणा बंद झालेली विंडोज उघड्या इंटरनेटला जोडू नये. तिला उपकरणासोबत स्वतःच्या बंद केबलवर जगू द्यावं, आणि त्यासाठीही दुसरं कार्डच उपयोगी पडतं. नवीन घ्यायला माझा विरोध नाही. न बघता घ्यायला आहे.

कारण न बघता घेतलेल्या प्रत्येक वस्तूच्या मागे एक न बघता फेकलेली वस्तू असते. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या ई-कचरा अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रणात गेल्याची नोंद आहे. उरलेल्यातला बराचसा कुणीतरी उघड्या हातांनी फोडतं, जाळतं, आम्लात बुडवतं. ज्या वस्तूला हात लावायला आपल्याला कमीपणा वाटतो, तिला शेवटी कुणाचे तरी हात लागतातच. फक्त ते हात आपले नसतात आणि त्यांना हातमोजेही नसतात.

संशोधकांसाठी आणखी एक गोष्ट आहे. उपकरणातून निघालेला आकडा माझ्या शोधनिबंधात येईपर्यंत ज्या वाटेने येतो, ती वाट मला माहीत नसेल तर मी त्या आकड्याची जामीन कशी राहू? उपकरण रसायनशास्त्राचं म्हणून केबल माझी नाही, असं म्हणता येत नाही.

आणि जे संशोधक नाहीत, त्यांच्यासाठी रविवारचा व्हिडिओ कॉल आहेच. गावाकडे नेट बंद पडतं, बाबा मोबाईल धरून राउटरसमोर उभे राहतात आणि आपण इथून घाईघाईत म्हणतो, ‘बाबा, तुम्ही नका हात लावू, माणूस बोलवा, नवीन घ्या, पैसे मी पाठवतो.’ पैसे पाठवणं सोपं आहे. ‘बाबा, केबल जिथे जाते तिथला हिरवा दिवा लागलाय का बघा बरं,’ असं म्हणायला पाच मिनिटं जास्त लागतात. पण ज्यांनी आयुष्यभर रेडिओ, इस्त्री आणि सायकल घरीच दुरुस्त केली त्यांना आपण ‘नका हात लावू’ सांगतो, तेव्हा आपण त्यांना मदत करत नसतो. आपण त्यांच्या हातातलं कसब काढून घेत असतो आणि त्या जागी आपलं क्रेडिट कार्ड ठेवत असतो.

मागण्या फार नाहीत. उपकरण विकणाऱ्यांनी ‘उपकरण सापडत नाही’ या संदेशाखाली कुठल्या पायरीवर सापडत नाही तेही लिहावं. त्यांच्या सॉफ्टवेअरला ते माहीत असतं. प्रयोगशाळांनी प्रत्येक कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर एक कागद चिकटवावा: कुठलं कार्ड, कुठला स्लॉट, कुठला पत्ता. आपल्या मराठी मंडळांनी गणपतीतल्या स्पर्धांमध्ये एक दुपार जुना कॉम्प्युटर उघडून ठेवावा आणि मुलांना त्यात हात घालू द्यावेत. आणि पुढच्या वेळी कुणी ‘ओळखत नाही’ म्हणालं, तर पाकीट काढण्याआधी एकच प्रश्न विचारावा: हजेरी घेतली का?